सैल असावे, सुटे नसावे : घरी बांधलेल्या विमानांच्या दोन मार्गदर्शकांविषयी

अमेरिकेच्या विमान-नियमावलीत घरी बांधलेल्या विमानांसाठी एक कलम आहे. अशा विमानाचा मोठा भाग हौशी माणसांनी स्वतःच्या हातांनी घडवलेला असला पाहिजे आणि हा खटाटोप त्यांनी केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी केलेला असला पाहिजे, असे ते कलम सांगते. सरकारी नियमात 'शिक्षण' हा शब्द कारण म्हणून यावा, याचे मला कौतुक वाटते. तेथे दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये, कोठारात, क्वचित राहत्या घराच्या मागच्या अंगणात माणसे वर्षानुवर्षे खपून दोन आसनांचे विमान बांधतात आणि त्यात बसून उडतात. आपल्याकडेही हे अगदी अपरिचित नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात अनेकांनी पाहिले असेल.

अशी विमाने बांधणारी माणसे कोणती पुस्तके वाचून शिकतात, या कुतूहलातून मी दोन लेखने वाचली. पहिले आहे अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाने सप्टेंबर १९९८ मध्ये काढलेले '४३.१३-१बी' या क्रमांकाचे सल्लापर परिपत्रक. त्यातील अकरावे प्रकरण विमानाच्या विद्युत् यंत्रणेवर आहे. दुसरे आहे कॅन्सासमधील विचिटा येथील अभियंते रॉबर्ट नकल्स यांचे 'दि एरोइलेक्ट्रिक कनेक्शन' हे पुस्तक. दोन्ही वाचताना मी एकच प्रश्न मनात धरला होता : इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या तारा कशा बांधाव्यात आणि कशा सांभाळाव्यात, हे ही पुस्तके नवशिक्याला कितपत शिकवतात? प्रश्न अगदी छोटा आहे. पण नियम सांगणे आणि नियम शिकवणे यांतला फरक अशा छोट्या प्रश्नातच नीट दिसतो.

तुटलेल्या तारेचे दोन अर्थ

प्रथम पार्श्वभूमी पाहू. विमानाच्या पेट्रोल इंजिनात परंपरेने मॅग्नेटो असतो. जुन्या स्कूटरचे पॉइंट काचकागदाने घासून साफ केलेल्या वाचकांना त्याची ओळख आहेच. इंजिन फिरले की मॅग्नेटोतील चुंबक फिरतो, गुंडाळीत वीज निर्माण होते, पॉइंट उघडतात आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब तयार होऊन स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते. त्याला बॅटरी लागत नाही. मॅग्नेटो बंद करायचा झाला तर त्याची एक तार कळीमार्फत इंजिनाच्या धातूला, म्हणजे 'अर्थ'ला, जोडतात.

इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत पॉइंट नसतात. इंजिनाच्या दांड्याची स्थिती एक संवेदक ओळखतो, त्यावरून एक इलेक्ट्रॉनिक पेटी ठिणगीची वेळ ठरवते आणि कॉइलमार्फत ठिणगी पाडते. ठिणगीची वेळ इंजिनाच्या वेगानुसार आणि भारानुसार बदलता येते. त्यामुळे इंजिन सहज सुरू होते आणि इंधनही वाचते. हा लाभ खरा आहे. या यंत्रणेचे गुणगान करताना मात्र एक वाक्य नेहमी जोडले जाते : हिच्यात हलणारे भाग नाहीत, म्हणून झिजण्यासारखे काही नाही. माझा आक्षेप या वाक्याला आहे. पॉइंट गेले, पण त्यांच्या जागी वीज आणणारी तार, अर्थची तार, संवेदकाच्या तारा आणि त्यांचे जोड आले. हे सगळे हलणाऱ्या इंजिनावरच बसलेले असते. हलणारे भाग यंत्रणेतून गेले नाहीत. ते पेटीबाहेर आले, एवढेच.

आता तार तुटली असे समजा. मॅग्नेटो बंद करणारी तार तुटली तर मॅग्नेटो चालूच राहतो. हवेत असताना वैमानिकाला ते कळणारही नाही. धोका जमिनीवर असतो. कळ बंद आहे या भरवशावर कोणी पंखा हाताने फिरवला, तर इंजिन पेट घेऊ शकते. बॅटरीवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची वीज आणणारी तार तुटली तर याच्या नेमके उलट होते. ठिणगी बंद पडते आणि तीही हवेत असताना. (काही इलेक्ट्रॉनिक यंत्रणांत स्वतःचे छोटे जनित्र असते. इंजिन पुरेशा वेगाने फिरत असेपर्यंत त्या बॅटरीविना चालतात.) तार तीच, तुटणेही तेच, पण एका यंत्रणेत इंजिन थांबत नाही आणि दुसरीत चालत नाही. म्हणून मॅग्नेटोच्या काळात तारांकडे पाहण्याची जी सवय लागली, ती नव्या यंत्रणेला जशीच्या तशी पुरत नाही.

परिपत्रकाचे नियम

आता परिपत्रकाकडे वळू. पहिले प्रकरण लाकडी सांगाड्यावर, तेरावे मानवी घटकांवर आणि मधे कापड, पत्रा, वेल्डिंग, गंज, इंजिन असे सर्व काही, अशी त्याची व्याप्ती आहे. कारखान्यात बनलेल्या विमानांच्या देखभालीसाठी, जेथे उत्पादकाच्या स्वतःच्या सूचना नाहीत तेथे वापरण्यासाठी, ते लिहिले गेले. घरी विमान बांधणारे त्याला बांधील नाहीत, पण त्यांच्या कामाच्या टेबलावर ते बहुधा असतेच. तारांविषयीचे त्याचे नियम थोडक्यात असे आहेत. जुडगा वळवताना वाकाची त्रिज्या त्यातील सर्वांत जाड तारेच्या बाह्य व्यासाच्या दहापट तरी ठेवा. दोन आधारांमधील तार हाताने बेताने दाबली तर अर्ध्या इंचाहून, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटरहून, अधिक झुकू नये. ज्वालाग्राही द्रव वाहणाऱ्या नळ्यांच्या पातळीत किंवा त्यांच्या वरून तारा न्या आणि शक्यतो सहा इंचांचे अंतर राखा. तार क्लॅम्पपाशी तुटली तरी तिचे टोक नळीला टेकणार नाही, अशा बेताने क्लॅम्प लावा. रबरावर बसवलेल्या, हलणाऱ्या उपकरणांकडे जाणाऱ्या तारांना मोकळी हालचाल करता येईल इतकी ढील ठेवा.

हे नियम उत्तम आहेत. प्रत्येकाच्या मागे दीर्घ अनुभव आहे आणि भाषा नेमकी आहे. 'तार व्यवस्थित बांधा' असे मोघम काही त्यात नाही. अर्धा इंच, दहापट, सहा इंच असे मोजता येणारे माप दिले आहे. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी हा गुण घेण्यासारखा आहे.

दोष असा की हे सारे नियम एकाच सुरात आणि क्वचितच कारण देऊन सांगितले आहेत. त्यामुळे नवशिक्याला त्यांत विसंगती दिसते. एका ठिकाणी तार अर्ध्या इंचापेक्षा अधिक झुकू नये, म्हणजे बऱ्यापैकी ताणलेली असावी. दुसऱ्या ठिकाणी तिला ढील असावी. मग तार ताणायची की सैल सोडायची? कारण ठाऊक नसलेला माणूस दोहोंपैकी एक नियम सोयीनुसार निवडतो आणि चूक तेथेच होते. ही कारणे आपल्या दहावीच्या वर्गालाही समजण्याजोगी आहेत, म्हणून ती येथे मांडतो.

कारणे

चार सिलिंडरांचे, चार टप्प्यांचे इंजिन मिनिटाला २,७०० फेरे घेत असेल तर ते सेकंदाला ४५ फेरे झाले. दर फेऱ्याला दोन सिलिंडरांत स्फोट होतो, म्हणजे सेकंदाला ९० धक्के बसतात. एका तासात ३,२४,००० आणि शंभर तासांच्या उड्डाणात ३ कोटी २४ लाख. इंजिनाजवळची प्रत्येक तार एवढ्या वेळा हलवली जाते. तारेवर जोराचा ओढा कधी पडतच नाही, पडते ते असंख्य वेळा थोडेसे वाकणे. धातूला यामुळे येणाऱ्या कमकुवतपणाला 'थकवा' म्हणतात. तांब्याच्या बाबतीत अशी सुरक्षित मर्यादाही सांगता येत नाही की जिच्या आत कितीही वेळा वाकवले तरी चालेल. वाक लहान असेल तर तार अधिक काळ टिकते, इतकेच.

तार वाकली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते. ही विकृती काढण्याचे सूत्र सोपे आहे : तारेची त्रिज्या भागिले वाकाची त्रिज्या. विमानात नेहमी वापरली जाणारी २२ गेजची तार घ्या. ती एकसंध तांब्याची असती तर तिचा व्यास सुमारे ०.६४ मिलिमीटर असता. १० मिलिमीटर त्रिज्येत वाकवल्यास विकृती ०.३२ भागिले १०, म्हणजे ३.२ टक्के येते. पण विमानाची तार १९ बारीक तंतूंची असते आणि प्रत्येक तंतूचा व्यास ०.१६ मिलिमीटर असतो. तंतू एकमेकांवरून सरकू शकतात, म्हणून प्रत्येकाची विकृती ०.०८ भागिले १०, म्हणजे ०.८ टक्के, एक चतुर्थांशच येते. तंतू करण्यामागचे इंगित हे आहे. दहापटीच्या नियमाचाही अर्थ याच सूत्रातून लागतो. तारेच्या व्यासाच्या दहापट त्रिज्येत ती वाकवली तर तिच्या वेष्टनाची बाहेरची बाजू सुमारे ५ टक्के ताणली जाते. 'दहापट' हा आकडा आकाशातून पडलेला नाही.

आता कोणी जोड पक्का व्हावा म्हणून तारेच्या टोकाला भरपूर सोल्डर पाजले तर काय होईल? सोल्डर तंतूंमधून वर चढते आणि तेवढा भाग एकसंध सळईसारखा होतो. जेथे सोल्डर संपते तेथे कडक आणि लवचीक यांची सीमा तयार होते आणि सारे वाकणे त्या एका रेषेवर येऊन पडते. तार नेहमी तेथेच तुटते. दाबून बसवलेल्या चांगल्या टर्मिनलमध्ये धातूची एक पकड तंतूंवर आणि दुसरी वेष्टनावर असते. दुसऱ्या पकडीचे काम विजेशी संबंधित नाही. वाकणे तंतूंच्या सीमेपासून दूर नेणे, हे तिचे काम आहे. सोल्डरचा जोडही चालतो, पण त्याच्या पुढे तारेला आधार दिला तरच.

आधारांचेही असेच आहे. एकाच वस्तूवर बसवलेल्या दोन क्लॅम्पांमधील तार म्हणजे तंबोऱ्याची तार. अंतर वाढले आणि ताण कमी झाला की तिची नैसर्गिक कंप्रता उतरते. ती इंजिनाच्या धक्क्यांच्या कंप्रतेशी जुळली की तार फडफडू लागते, शेजारच्या धातूवर घासते आणि तिचे वेष्टन झिजते. अर्ध्या इंचाची हाताने केलेली चाचणी म्हणजे कंप्रता न मोजता ती पुरेशी उंच आहे की नाही हे पाहण्याची युक्ती आहे.

पण इंजिन आणि विमानाचा सांगाडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांच्यामध्ये रबराचे गट्टू असतात. इंजिन सुरू होताना आणि बंद पडताना सांगाड्याच्या तुलनेत चांगलेच डुलते. इंजिनावरून निघून सांगाड्याच्या पत्र्याच्या भिंतीकडे जाणारी तार ताठ असली तर दर वेळी तिच्या दोन्ही टोकांना हिसका बसेल. म्हणून दोन्ही काठांवर पक्का क्लॅम्प हवा आणि मधे मोकळा वळसा हवा. परिपत्रकातील दोन नियमांत विसंगती नाही, ते दोन वेगळ्या जागांचे नियम आहेत. जे एकत्र हलते ते एकत्र बांधावे. जे वेगवेगळे हलते त्यांच्यामध्ये ढील द्यावी. आणि ढील दिलेल्या तारेचीही दोन्ही टोके धरलेलीच असावीत. तार सैल असावी, सुटी नसावी. ही चार वाक्ये परिपत्रकाच्या त्या भागाच्या आरंभी असती तर पुढचे निम्मे नियम वाचकाने स्वतःच सांगितले असते.

इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाच्या तारांना परिपत्रकात वेगळे प्रकरण नाही, हीही उणीव आज जाणवते. संवेदकाच्या तारेत काही व्होल्टचा संदेश असतो, तर शेजारच्या प्लगच्या तारेत हजारो व्होल्ट. दोन्ही एकाच जुडग्यात बांधल्या तर प्रत्येक ठिणगीबरोबर संवेदकाच्या तारेत खोटा संदेश उमटू शकतो आणि पेटी भलत्या वेळी ठिणगी पाडते. वेळेचे महत्त्व किती? २,७०० फेऱ्यांना दांडा एक अंश फिरायला एका सेकंदाचा सुमारे सोळा हजारावा भाग लागतो. म्हणून संवेदकाच्या तारा पिळलेल्या व जाळीने आच्छादलेल्या असाव्यात आणि प्लगच्या तारांपासून दूर न्याव्यात. बांधणी नीटनेटकी दिसावी म्हणून सगळ्या तारा एकाच पट्टीत आवळण्याचा मोह येथे घातक ठरतो.

मीटरवरचा विश्वास

देखभालीबाबत माझा स्वतःचा एक फजितीचा अनुभव सांगतो. प्रयोगशाळेत कंपनमंचावर एका नमुन्याची चाचणी चालली होती. संवेदकाचे वाचन मधूनच उडी मारत असे. मी तार काढून मल्टिमीटरने तपासली. रोध शून्य, तार उत्तम. मग तीन दिवस मी प्रवर्धकात दोष शोधत बसलो. चौथ्या दिवशी साहाय्यकाने तार जोडापाशी बोटांनी हलवली आणि ती त्याच्या हातात आली. वेष्टन शाबूत होते, आतला एखादा तंतू तेवढा धरून होता.

मीटर खोटे बोलला नव्हता. हिशेब करून पाहा. २२ गेजच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ५३ मिलिओहम असतो. समजा १९ पैकी १८ तंतू एका ठिकाणी तुटले आणि एक मिलिमीटर लांबी एकाच तंतूवर राहिली. तेवढ्या भागाचा रोध होतो सुमारे १ मिलिओहम. साधा मल्टिमीटर १०० मिलिओहमपेक्षा लहान फरक दाखवत नाही. म्हणजे शंभरातले पंचाण्णव भाग तांबे तुटले तरी मीटर 'ठीक' म्हणणार. विजेच्या दृष्टीने तार तेव्हा खरोखरच ठीक असते, दोरी म्हणून मात्र ती संपलेली असते.

म्हणून या तारांची तपासणी डोळ्यांनी आणि बोटांनी करावी लागते. घरी बांधलेल्या विमानाची अमेरिकेत दर बारा महिन्यांनी तपासणी व्हावी लागते, आणि मुख्य बांधणाऱ्याला ती स्वतः करण्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. त्या वेळी इंजिनावरील आवरण काढून, दिवा आणि छोटा आरसा घेऊन प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत पाहावी. वेष्टनावर चकाकणारा डाग दिसला तर तेथे काहीतरी घासते आहे. क्लॅम्पमधील रबर चिरले वा आक्रसले असेल तर पकड गेली आहे. निकास नळीजवळचे वेष्टन तपकिरी वा कडक झाले असेल तर उष्णता पोचते आहे. त्या नळीतील वायू सातआठशे अंश सेल्सियसचे असतात. जोडापाशी तार हलक्या हाताने हलवून पाहावी आणि जोर मात्र करू नये. तपासणीच्या नावाखाली धडधाकट तार दुखावणारेही असतात. जोडावरचा गंजही पाहावा. अर्ध्या ओहमचा वाढीव रोध आणि दोन अँपिअरचा प्रवाह म्हणजे एक व्होल्टचा घट. एरवी तो खपून जाईल. इंजिन सुरू करताना स्टार्टरमुळे बॅटरीचा दाब आधीच उतरलेला असतो, तेव्हा नेमका तोच एक व्होल्ट कमी पडतो.

दुसरे पुस्तक

नकल्स यांच्या पुस्तकाची प्रकृती परिपत्रकाच्या उलट आहे. ते कारणांपासून सुरुवात करतात. त्यांचा मूळ प्रश्न 'ही तार तुटू नये म्हणून काय करू?' असा नाही. 'ही तार तुटली तर पुढे काय होईल?' असा तो आहे. कोणताही भाग कधीतरी निकामी होणारच, तेव्हा आराखडा असा हवा की एका भागाच्या बिघाडातून संकट उद्भवू नये, हे त्यांचे सूत्र. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाला मुख्य कळीच्या मागे न जोडता बॅटरीशेजारच्या, सदैव चालू असलेल्या पट्टीवरून स्वतंत्र फ्यूजमार्फत वीज द्यावी, ही मांडणी त्याच विचारातून येते. कॉकपिटमध्ये जळका वास आला तर वैमानिक मुख्य कळ बंद करतो. त्या क्षणी इंजिनही बंद पडले तर सुरक्षेसाठी केलेली कृतीच घात करील.

हा विचार वाचकाला स्वतंत्र करतो. त्याच्या आधारे पुस्तकात नसलेल्या प्रश्नांचीही उत्तरे शोधता येतात. एखाद्याने दोन इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवल्या आणि दोन्हींच्या अर्थच्या तारा एकाच बोल्टखाली आवळल्या, तर त्याच्याकडे यंत्रणा दोन आहेत का? कागदावर दोन आहेत. तो बोल्ट सैल झाला की एकही नाही. इंजिन रबरावर बसलेले असल्याने त्याला सांगाड्याशी जोडणारी जाड अर्थपट्टी लागते. ती तुटली तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह दुसऱ्या कोणत्या बारीक तारेतून वाट काढील? असे प्रश्न विचारायला हे पुस्तक शिकवते आणि परिपत्रक ते शिकवत नाही.

तरी माझी एक तक्रार आहे. अनेक वर्षे प्रकरणा-प्रकरणाने सुधारत गेलेल्या या पुस्तकाला एकसंध क्रम नाही, नवशिक्या त्यात वाट चुकतो. आणि जोडांच्या कारागिरीवर नकल्स आस्थेने लिहीत असले तरी पुस्तकाचा जीव आराखड्यांत आहे. आराखड्यात तार म्हणजे एक रेघ. रेघेला वजन नसते, ती कंप पावत नाही, निकास नळीजवळ भाजत नाही. उत्तम आराखडा गिरवून वाचकाला वाटते की काम झाले. प्रत्यक्षात निम्मे काम क्लॅम्प कोठे लावायचा हे ठरवण्यात असते. परिपत्रकाला तार ही दोरी म्हणून कळते, नकल्सना ती प्रवाहाची वाट म्हणून कळते. विमानात मात्र ती एकाच वेळी दोन्ही असते. यांपैकी एकच पुस्तक वाचायचे झाले तर मी बांधणाऱ्याला नकल्स सुचवीन. पण विमानाजवळ उभे राहून काम करताना हातात परिपत्रक असावे.

तारेला दुय्यम मानण्याची सवय मोठ्या विमानांच्या क्षेत्रातही होतीच. परिपत्रक निघाले त्याच महिन्यात, २ सप्टेंबर १९९८ रोजी, स्विसएअरचे एमडी-११ विमान कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळ समुद्रात कोसळून २२९ माणसे दगावली. तारेत उडालेल्या ठिणगीने आवरणाच्या साहित्याने पेट घेतला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष होता. पुढे २००७ मध्ये अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांसाठी नियम केले. त्यांत तारा, त्यांचे जोड आणि आधार मिळून एक स्वतंत्र यंत्रणा मानली गेली. तोवर तारा म्हणजे दोन यंत्रणांमधली नुसती जोडणी होती.

आपल्या वर्गासाठी

शिक्षकांना यात काय? आपल्या पाठ्यपुस्तकांतही तार ही रेघच असते. विद्युत् परिपथाच्या धड्यात तिला रोध नसतो आणि वजन तर नसतेच. एक तास देऊन हे प्रयोग करता येतील. घरगुती वापराच्या बहुतंतू तारेचे आणि तितक्याच जाडीच्या एकसंध तांब्याच्या तारेचे तुकडे वेष्टन काढून घ्यावेत. प्रत्येक तुकडा दोन पट्ट्यांच्या धारदार कडांमध्ये धरून डावी-उजवीकडे वाकवावा आणि तुटेपर्यंतचे वाक मोजावेत. मग कडांच्या जागी दोन पेन्सिली ठेवून तेच करावे. तिसऱ्या वेळी बहुतंतू तारेच्या टोकाला सोल्डर पाजून ती सोल्डरच्या सीमेपाशी वाकवावी. प्रत्येक प्रकाराची पाच-पाच वाचने घेऊन सरासरी काढावी. काही तंतू तुटल्यावर मधेच मल्टिमीटर लावून पाहण्यास विसरू नये. आकडे मी येथे देत नाही, ते वर्गानेच काढावेत. त्यानंतर परिपत्रकातील एकेक नियम फळ्यावर लिहून 'हा नियम का केला असेल?' असे विचारावे. विद्यार्थी उत्तरे देतील, असा माझा विश्वास आहे.

नियम पाठ असलेला माणूस नियमात बसणाऱ्या जागीच तार बरोबर बांधतो. घरी बांधलेले प्रत्येक विमान थोडेफार वेगळे असते, आणि नियमात न बसणारी जागा त्यात हमखास येते. तेथे बांधणाऱ्याला कारणच उपयोगी पडते. अमेरिकेच्या कायद्याने हौशी बांधणाऱ्याला परवानगी देताना 'शिक्षण' हा शब्द वापरला. त्या शब्दाला जागायचे असेल, तर असे परिपत्रक पुन्हा लिहिताना प्रत्येक नियमाखाली एक ओळ कारणाची असावी. पाने थोडी वाढतील. पण ज्याच्या खाली जमीन दोन हजार फुटांवर आहे आणि इंजिन एका तंतूवर चालले आहे, त्याच्या दृष्टीने ती पाने वाया गेलेली नसतील.